गेमचा शब्द आईला कसा ठाऊक?

सुरुवातीलाच सांगतो, भुतंखेतं, करणी, लिंबू-मिरची यावर आपला काडीचा विश्वास नाही. अमावस्येला मुद्दाम दाढी-कटिंग करून घेणारा माणूस आहे मी. त्यामुळे "बाहेरचं बघून घ्या" वगैरे सल्ले प्लीज देऊ नका. जे झालं ते सांगतो... आणि हो, सांगताना माझी जळजळ दिसेल. दिसू दे. इतकी वर्षं झाली, अजून जळतोच मी.

९५-९६ ची गोष्ट. आम्ही नेवाशात राहायचो. पुढे वडिलांचं खताचं दुकान, मागे घर. मी नववीत. त्या वर्षी माझी काकू वारली. काका बोटीवर नोकरीला, वर्षातला बराच काळ समुद्रात. मग त्यांचा मुलगा अभिजित, म्हणजे आमचा अभ्या, पुण्याहून आमच्याकडे राहायला आला. माझ्याच वयाचा. आणि सोबत काय आणलं माहितीये? कॉम्प्युटर! आमच्या अख्ख्या आळीत तोवर कुणी बघितला नव्हता.

आता मला सांगा, माणसानं जळायचं नाही तर काय करायचं? माझी खाट त्याला. दुधावरची साय त्याला. मी तोंड वाकडं केलं की आई म्हणायची, "आरं, त्याला आई न्हाई. तुला हाय ना?" असेल बाबा मला आई, पण दिवसभर दिसायची ती त्याच्याच मागे-मागे.

त्या कॉम्प्युटरवर एक जहाजांचा गेम होता. ओरिजिनल, काकांनी सिंगापूरहून पैसे मोजून आणलेला. आणि त्याचा ताप असा, की सुरू केला की आधी परीक्षा घ्यायचा. सोबतच्या पुस्तकातलं अमुक पान, अमुक ओळ, अमुक शब्द टाईप करा. चुकलं की बंद! कुणी कॉपी करू नये म्हणून ही भानगड. पुस्तकाची पानंही गडद लाल... मी एकदा गुपचूप झेरॉक्सला नेलं तर कागद काळा ठिक्कर. आणि नगरला एका क्लासवाल्याकडे याच गेमची चोरीची फ्लॉपी होती, ती कुणाला काहीच विचारायची नाही. म्हणजे चोर घरात आणि पैसे मोजणारा दारात उभा. वडील तर म्हणाले, "खताची गोनी नेल्यावर गिऱ्हाइकाला मी दर येळी पावती आन म्हनतो का रं?"

पुस्तक अभ्या उशाशी घेऊन झोपायचा. मला खेळायचं तर साहेबांच्या मेहरबानीवर.

दसऱ्याच्या आवराआवरीत आईने ते पुस्तक रद्दीत घातलं. चुकून. चौथीपर्यंत शिकलेली बाई, इंग्रजी अक्षर ओळखत नव्हती. आम्ही रद्दीवाल्याकडे पळालो तोवर त्याचा माल टेम्पोतून गेलेला. खोटं कशाला बोलू, मला आतून गुदगुल्या झाल्या. पण काकूच्या दहाव्यालाही न रडलेला अभ्या त्या दिवशी हमसून हमसून रडला.

मी म्हटलं, "नगरवरून चोरीची फ्लॉपी आणू की, त्यात काय एवढं?"

"नको," तो म्हणाला. "मम्मी पुस्तकात बघून शब्द सांगायची आणि मी टाईप करायचो. मला हाच पाहिजे."

आई दारात उभी राहून ऐकत होती.

नंतर एका दुपारी आई आमच्या मागे बसून तांदूळ निवडत होती. अभ्याने उगाचच गेम लावला. स्क्रीनवर प्रश्न आला. आणि मागून आवाज, "अभी, लँटर्न."

आम्ही दोघांनी वळून पाहिलं. आई सुपात मान घालून खडे काढतेय. अभ्याने टाईप केलं... आणि गेम उघडला!

"आई, आत्ता काय म्हणालीस तू?"

"मी? मी कुटं काय बोलले? तांदळात लई खडे हायेत बघ."

योगायोग म्हणाल. मीही म्हटलं. पण दुसऱ्या दिवशी दुसरा प्रश्न, आणि मागून "अभी, हार्बर." मग रोजच. फ्लॉपीला 'फलापी' म्हणणारी माझी आई! स्क्रीनकडे मान वर करून बघायचीसुद्धा नाही. आणि 'अभी' कुठून आलं? ती त्याला अभ्याच म्हणायची. अभी फक्त काकू म्हणायची.

अभ्या शिकवणीला गेला की मी गेम लावायचो.

"आई, सांग ना शब्द."

"मला काय ठावं बाबा? मी काय विंग्रजी शाळंत गेल्ते?"

किती विनवण्या केल्या! माझी सख्खी आई, आणि माझ्यासाठी तिच्याकडे एक शब्द नाही. एकदा ओरडलोच, "तू माझी आई हाय का त्याची?" ती बघतच राहिली. "येडा का खुळा तू," म्हणाली आणि चपात्या लाटायला बसली.

मग मी एक डोकं लढवलं. अभ्या तापाने पुढच्या खोलीत झोपला होता. मी त्याचा निळा शर्ट घातला, दाराकडे पाठ करून बसलो, गेम लावला आणि गप्प राहिलो. बांगड्या वाजल्या. आई मागे येऊन उभी राहिली. मग माझ्या केसांतून हात फिरला, हळूहळू, कानापर्यंत. आमची आई असा हात फिरवत नाही, ती टपली मारते. मी डोळे मिटून घेतले. इतकं बरं वाटत होतं... आणि हात थांबला.

"तू तो नाहीस."

आवाज आईचाच. पण बोलणं स्वच्छ, शहरी. आईच्या तोंडात असलं बोलणं जन्मात नव्हतं.

मी गर्रकन वळलो. "आई, अगं मी हाय! संज्या!"

ती माझ्याकडे बघत होती. परक्या घरी गेलेली बाई त्या घरच्या पोराकडे बघते ना, तशी, जरा अवघडून. मग तिने डोळ्यांची उघडझाप केली.

"संज्या? आन् त्याचा शर्ट कशाला घातलास रं?"

त्यानंतर मी त्या गेमला हात लावला नाही. अभ्याला मात्र शब्द मिळतच राहिले, त्याने गेम पुरा केला. उन्हाळ्यात काका आले आणि त्याला पुण्याला घेऊन गेले. त्यानंतर आई कधी तसं बोलली नाही.

आईने पुस्तक कधीतरी पाहिलं असेल म्हणाल, तर तिला इंग्रजी वाचता कुठे येत होतं? आजही विचारलं तर म्हणते, "मी कवा बोलले?" अभ्या मागे एका लग्नात भेटला, त्यालाही विचारलं. "होती ती," एवढंच म्हणाला आणि जेवायला लागला. चेहरा इतका तृप्त, की माझा पुन्हा जळफळाट.

काकू आली होती का, कशी आली, मला माहीत नाही. त्यावर खुशाल वाद घाला. माझा प्रश्न वेगळाच आहे, आणि तो मी आजवर कुणाला विचारलेला नाही. अभ्याला त्याची आई रोज थोडा वेळ परत मिळायची. तेवढा वेळ माझी आई कुठे असायची?