उपरण्याखालचा हात

दत्तू गेल्याचा फोन रायापूरहून आला तेव्हा मी गच्चीवर सांडगे उलटत होते. सूनबाईनं जिन्यातूनच सांगितलं. मी "बरं" म्हटलं आणि उरलेले सांडगे उलटत राहिले. खाली दाजीबानपेठेत दुपारची दुकानं अर्धी मिटलेली, कुणाच्या तरी दोरीवरची धुतलेली साडी उन्हात फुगत होती... महिना झाला, पण ती दुपार अजून तशीच डोळ्यांपुढं तरंगते आहे.

दत्तू म्हणजे माझा धाकटा दीर. माझ्याहून लहान, म्हणून अरे-तुरे. जगाला तो 'गोडाऊन' या रॉक बँडचा गिटारवाला म्हणून माहीत. मला मात्र माझ्या ताटातलं थालीपीठ पळवणारा म्हणून.

लग्न होऊन मी धारवाडहून या घरात आले ती मोठ्या तोऱ्यात. ख्याल शिकले होते ना! पहिल्याच रविवारी माडीवरच्या गोडाऊनमधून धडधडाट ऐकू आला आणि "गठ्ठे कोसळले, धावा!" म्हणून मी अख्खं घर गोळा केलं. वर जाऊन बघते तर कापडाच्या गठ्ठ्यांमधोमध दत्तू गिटार घेऊन उभा, आणि त्याचा दोस्त, कलघटगीचा बसू, जत्रेतला ढोल नि पत्र्याचे डबे मांडून बसलेला.

"वैनी, हे कोसळणं नव्हे, गाणं आहे."

"मग खरंच कोसळेल तेव्हा हाक मार," मी म्हटलं. केवढी अक्कल पाजळत होते मी तेव्हा!

गठ्ठे बराचसा आवाज पिऊन टाकत. खाली दुकानातल्या गादीवर आमचे सासरे, अप्पा, वामकुक्षी घेत. डोळे मिटलेले असत, पण पायाचा अंगठा बसूच्या ढोलाबरोबर हलायचा. हे माझ्याशिवाय कुणी पाहिलं नसावं.

अप्पा जुन्या वळणाचे ठोक व्यापारी. भाव तोंडानं सांगायचा नाही. समोरच्याचा हात उपरण्याखाली घ्यायचा आणि बोटं दाबायची. ठरलं काय, ते त्या दोन हातांनाच ठाऊक. दत्तूनं ती रीत उचलली. गाण्याआधी सगळे जवळ येत, अप्पांचं एक जुनं उपरणं हातांवर पडे आणि पुढचं गाणं कुठलं, किती जलद, ते बोटांनी ठरे.

एका गणपतीत त्यांच्या गाणाऱ्याचा घसा बसला आणि मला मांडवात उभं केलं. तोंड उघडलं तोच माईक किंचाळला. मला वाटलं, तो माझाच आवाज! मी हात जोडून लोकांची माफी मागितली. टाळ्या काय पडल्या म्हणता... पुढं कधी मला कुणी बोलावलं नाही.

मांडवांतून धारवाडची कॉलेजं, तिथून गोव्याची हॉटेलं. तिथं कुणी परदेशी माणसानं ऐकलं, आणि एके दिवशी जर्मनीचं बोलावणं आलं. माझे यजमान रेल्वेच्या नोकरीत. दुकान बघणारा दत्तू एकटा. तो गेला की अप्पांच्या मागं गादीवर कुणीच नाही.

"बारो, ये, इकडं बस," अप्पांनी हाक मारली. दत्तू समोर बसला. अप्पांनी त्याचा हात घेतला, वरून उपरणं टाकलं. आम्ही दारात. अप्पांच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. बराच वेळ गेला... मग दत्तू उठला, डोळे पुसत माडीवर गेला आणि बॅग भरू लागला.

पुढं बर्लिन झालं, लंडन झालं, जपान झालं. प्रत्येक फोटोत ते उपरणं. "लोकांना ती प्रार्थना वाटते, वैनी. एक बाई तर डोळे मिटून हात जोडून उभी होती, आणि बसू मला बोटांनी सांगतोय, भूक लागली!" हे सांगताना हसायचा, पण मी "अप्पांनी किती बोटं दाबली रे?" विचारलं की म्हणायचा, "ती व्यापारातली गोष्ट आहे." अप्पा थकेपर्यंत एकटेच दुकान चालवत राहिले. रेडिओवर 'गोडाऊन' लागलं की "साकु, पुरे, बंद करा तो गोंगाट" म्हणायचे. अंगठा हलतच असायचा.

शेवटची भेट त्याच्या रायापूरच्या घरी. खिडकीतून पिवळं ऊन, आजारी दत्तू शाल पांघरून पडलेला.

"वैनी, हात द्या."

शालीखाली त्यानं माझा हात घेतला. तारांनी घट्टे पडलेली बोटं, ऊबदार. मी वाट बघत राहिले.

"काय रे, भाव सांग की!"

"हाच. अप्पांनी त्या दिवशी एकही बोट दाबलं नव्हतं. नुसता धरून बसले होते. मला वाटलं, सोडणारच नाहीत... मग त्यांनीच आधी सोडला."

परवा बसू ते उपरणं घेऊन आला. अप्पांच्या गादीवर ठेवलं आणि कलघटगीला परत गेला. आता दुपारी सगळे निजले की मी तिथं जाऊन बसते, उपरण्याखाली हात घालते. नात विचारते, "आजी, काय करतेस गं?"

"व्यापार," मी म्हणते.

पण मी काही अप्पा नव्हे. मला अजून सोडता येत नाही.