माथ्यापलीकडचा मेंढवाडा

९ मार्च, गुरुवार. वारा पडला. बर्फ खिडकीच्या चौकटीला टेकलं आहे. टपाल आलं नाही. दुपारी माथ्यापलीकडून ट्रकचा आवाज आला. रिंगनच्या मेंढ्या नेल्या.

रिंगन टेल्फर माझा धाकटा दीर. स्कॉटलंड-इंग्लंडच्या सीमेवरच्या चेव्हियट डोंगरात जन्मला आणि सत्तरी उलटली तरी तिथंच मेंढ्या राखत होता. लग्न केलं नाही. त्याच्या कळपाला कधी कुंपण लागलं नाही. इथली मेंढी आपल्या कोकराला चराईची हद्द दाखवते, आडोसा दाखवते, आणि ते कोकरू जन्मभर ती जागा सोडत नाही. विकत आणलेली मेंढी या डोंगरावर टिकत नाही, वाट फुटेल तिकडे जाते. असा कळप पिढ्यान्‌पिढ्या घडतो. एकदा गेला की गेला.

वादळात त्याच्या मेंढ्या ज्याच्या आसऱ्याला जात, तो गोल दगडी मेंढवाडा माथ्यापलीकडे, इंग्लंडच्या उतारावर आहे. पूर्वी त्याचं कुणाला काही वाटलं नव्हतं. मग स्कॉटलंड वेगळं झालं, दोन सरकारांची बोलणी फिसकटली आणि माथ्यावरून तारेचं कुंपण गेलं.

सोमवारी उत्तरेचं वादळ सुटलं. मेंढ्या वाऱ्याकडे पाठ करून नेहमीच्या वाटेनं निघाल्या आणि तारेला थटून उभ्या राहिल्या. बर्फ त्यांच्या अंगावर चढू लागलं. रिंगननं तार तोडली आणि अख्खा कळप मेंढवाड्यात घातला. एकही दगावली नाही.

पलीकडचा मेंढपाळ जॉर्डी चार्लटन गवत घेऊन आला. दोघांची मैत्री मिसरूड फुटल्यापासूनची.

"या, या! परदेशी पाहुण्या! पासपोर्ट आणलेत का गं?"

"तोंड आवर आणि गवत टाक."

"वेगळं व्हायला मत तूच दिलंस ना, म्हाताऱ्या?"

"मी दिलं. यांनी नव्हतं दिलं."

घरी येऊन रिंगननं खालच्या सरहद्दीच्या चौकीला फोन केला. आपली मेंढी दुसऱ्याच्या हद्दीत गेली की त्याच दिवशी कळवायचं, ही इथली रीत. न कळवणारा चोर. जॉर्डीला हे समजलं तेव्हा तो तोडलेल्या तारेतून इकडे आला आणि त्यानं माझ्या स्वयंपाकघरात टोपी आपटली.

"अरे गाढवा, वारा पडल्यावर परत हाकलल्या असत्या! मी तार जोडून दिली असती. कुणाला कळलं असतं?"

"मला कळलं असतं," रिंगन म्हणाला.

आज सकाळी चौकीवरची जनावरांची डॉक्टर आली. वयानं लहान, डोळे सुजलेले. टेबलाशी बसली, पण चहाला हात लावला नाही.

"काका, दाखल्याशिवाय हद्द ओलांडलेलं जनावर आपल्याला परत घेता येत नाही. आणि पलीकडचे लोक ठेवून घेत नाहीत."

"मग जायचं कुठं त्यांनी?"

तिनं कत्तलीच्या हुकमाचा कागद टेबलावर ठेवला.

"निरोगी आहेत पोरी. तपासून तर बघ. पोटात कोकरं आहेत."

"तपासल्या, काका. एकीलाही काही झालेलं नाही."

"अगं, मग?"

"तुम्ही फोन केला नसता तर…" एवढं बोलून ती उठली.

रिंगन तिच्याबरोबर माथ्यापर्यंत गेला. पलीकडे त्याला जाऊ दिलं नाही. ट्रकमध्ये मेंढ्या जॉर्डीनं चढवल्या, कारण परक्या हातानं त्या बिथरल्या असत्या.

संध्याकाळी रिंगन माझ्याकडेच जेवला. ओटची पेज एकालाच पुरेल एवढी होती, ती त्याला वाढली. मी शिळा ब्रेड भाजून घेतला.