रेडिओमावशीचं गप्प होणं

भाईंदर पश्चिमेच्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांना सगळे रेडिओमावशी म्हणत. कोळीवाड्यातल्या. बाजारात मासळी विकण्यात उमर गेलेली. पुढे गुडघ्यांनी दगा दिला म्हणून लोकांची मुलं सांभाळू लागल्या. तोंड मात्र शाबूत होतं. कुकरशी, कबुतरांशी, बंद पडलेल्या लिफ्टशी, कुणाशीही त्या बोलत. शेजारच्या गुजराती बेनशी त्या हिंदीत बोलायच्या आणि ती हिंदी ऐकून बेन मराठी शिकली, असं माझा नवरा म्हणायचा.

त्या आमच्याकडे आल्या तेव्हा माझी मुलगी सानू आठ महिन्यांची होती. मी सकाळी ऑफिसला निघाले की घर दोघींचं. मांदेली साफ करताना मावशी तिला समोर बसवत आणि सांगत, "ही बघ मांदेली. हिचा डोका काढला. आता पोट साफ करू." भात कालवताना भाताचं, अंघोळ घालताना पाण्याचं. हातात असेल ते तोंडात, अशी त्यांची तऱ्हा.

पण प्रश्न विचारला की त्या एकदम थांबत. "बोंबील देऊ का भात?" असं विचारून सानूच्या तोंडाकडे बघत बसत. मला ऑफिसची घाई, मी मध्येच उत्तर देऊन टाकायची, तर मलाच गप्प करत. एकदा म्हणाल्या, "गिऱ्हाइकाला भाव सांगितला का गप बसाचा. आपनच बोललो तं तो कवा बोलंल?"

आणि सानू उत्तर द्यायची. आधी नुसता हात, मग हुंकार, आणि दीड वर्षाची झाल्यावर चक्क 'न्हाय'. त्यामागून 'दे', 'पानी', 'काऊ'. उशिरा का होईना, येत होतं.

मग आम्ही शहाणपणा केला. नर्सरीची चौकशी करायला गेलो, तर तिथल्या बाईंनी घरात इंग्रजीच बोला असं बजावलं. सानूच्या वयाची बाकीची मुलं वाक्यं बोलत होती आणि हिच्याकडे मोजून दहा-बारा शब्द. मी घाबरले, आणि ती भीती मी मावशींवर काढली. म्हटलं, "तुमच्या हाय-न्हायमुळे तिचा गोंधळ होतोय. तिच्याशी तसं बोलत जाऊ नका." नवऱ्याने वीस इंग्रजी शब्द काढले आणि मावशींकडून घोकून घेतले. वॉटर, मिल्क, सिट. हे लिहितानाही मला लाज वाटते आहे.

मावशी सांगितलेलं पाळणाऱ्या. त्या वीस शब्दांपलीकडे त्या बोलेनाशा झाल्या. 'वॉटर' म्हणून पेला पुढे करायच्या आणि गप्प. बेनने मला जिन्यात गाठून विचारलं, मौसी बीमार है क्या? मी हसून वेळ मारून नेली. वर्षभरात सानूचे शब्द एकेक करून गेले. 'न्हाय' सगळ्यांत शेवटी गेला. पुढे मावशींचा मुलगा त्यांना चेणे गावी, आपल्या घरी घेऊन गेला. निघताना त्यांनी सानूच्या गालावरून हात फिरवला, बोलल्या काहीच नाहीत.

स्पीच थेरपिस्टकडे गेलो ते त्यानंतर. त्या बाईंनी समजावलं, घरात जी भाषा सहज येते तीच बोला. जे करताय ते सांगत राहा. विचारलंत की थांबा, तिला वेळ द्या. मी तिथेच रडायला लागले. सानूची अडचण मुळातली आहे, कुणाच्या बोलण्याने झालेली नाही, असं त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. मावशी बोलत राहिल्या असत्या तर ते दहा-बारा शब्द टिकले असते का, हे मात्र त्यांना सांगता आलं नाही. आता सानू पाच वर्षांची आहे. आम्ही दिवसभर तिच्याशी बोलतो. तिला काही हवं असलं की ती माझं बोट धरून तिथवर नेते. डॉक्टर फारशी आशा दाखवत नाहीत.

गेल्या महिन्यात रिक्षा करून चेण्याला गेले. निदान मावशींना तरी खरं सांगायचं होतं. त्या उंबऱ्याशी बसल्या होत्या, मांडीवर दीड वर्षाची नात. सून चहा ठेवता ठेवता हळूच म्हणाली, सासूबाई नातीशी बोलतच नाहीत, सगळं खुणेनं चालतं. आपल्या तोंडापायी आणखी एक पोर मुकं व्हायला नको, म्हणतात. मी मावशींचे हात धरले आणि सगळं सांगून टाकलं. चूक आमची होती, तुमचंच बरोबर होतं, थेरपिस्टबाई तुम्ही करायचात अगदी तेच करायला सांगतात.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "सानू बोलते का आता?"

मी मान हलवली. नाही.

"मंग?" मावशी म्हणाल्या.

नातीने तांब्याकडे बोट दाखवलं. मावशींनी तो उचलून तिच्या ओठांना लावला, आणि पदराने तिचं तोंड पुसलं.