अक्कांच्या अवऱ्याचं बी

अक्का झाडांना रागवायच्या कन्नडात आणि त्यांचे लाड करायच्या मराठीत. मल्लेश्वरममध्ये त्यांच्या घरी वरच्या मजल्यावर मी भाड्यानं राहायला आलो, तेव्हा सकाळी गच्चीवरून दोन्ही ऐकू यायचं. त्यांचं मराठी घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे कानडी मुलखात आलेलं, मी नोकरीसाठी नाशिकहून नुकताच. "तू ब्याग घेऊन आलास, आम्ही घोड्यावरनं," असं त्या मला ऐकवायच्या.

पहिल्याच दसऱ्याला मी हौसेनं मेथी पेरली. "स्वल्प थांब रे. इथला पाऊस दिवाळीचा फराळ खाऊन जातो," अक्का म्हणाल्या. मी कशाला ऐकतोय! दोनच दिवसांत माझी मेथी पन्हाळीतून खाली वाहून गेली. त्यांनी दिवाळीनंतर पेरलेल्या मेथीची जुडी मात्र डिसेंबरात माझ्या दारात आली.

मेथी, मुळे, कोथिंबीर त्या सढळ हातानं वाटत. फक्त अवऱ्याचं बी कुणाला देत नसत. अवरे म्हणजे आपल्या वालाचा इथला भाऊबंद. थंडीत दव पडलं की शेंगांना घमघमाट सुटतो. ते बी त्यांच्या सासूबाईंकडून आलेलं. "शेंगा हव्या तेवढ्या ने, बी मागू नको," हे ठरलेलं उत्तर.

एका जानेवारीत डोळ्याच्या ऑपरेशनसाठी अक्का लेकीकडे गेल्या. पाणी घालायचं काम माझ्याकडे. वेलावर लाल दोरा बांधलेले दोन घोस चांगले टपोरे दिसले. दोरा वेलाला आधार म्हणून असेल, असं मी धरून चाललो. अक्का परतल्या त्या दिवशी शेंगा सोलून झकास उसळ केली आणि वाटी घेऊन खाली गेलो.

"शेंगा कुठल्या?" दोन घास झाल्यावर त्यांनी विचारलं.

"दोऱ्याच्या. त्याच सगळ्यांत भरल्या होत्या."

त्यांचा हात थांबला. "ते बियाला राखलं होतं रे."

जुनं बी घरात नव्हतं. कीड लागते म्हणून दरवर्षी त्या सगळंच पेरून टाकत. मी वाटी परत घ्यायला हात पुढे केला. अक्कांनी मात्र वाटी संपवली. "सरी, असू दे. मीठ बरोबर पडलंय," एवढंच म्हणाल्या.

एरवी संक्रांत झाली की वेल उपटायच्या. त्या वर्षी राहू दिला. डॉक्टरांनी जिना चढायला मना केलं होतं, तरी काळा चष्मा लावून रोज वर येत. फेब्रुवारी संपताना शेंड्याला दोन शेंगा वाळल्या. बिया निघाल्या सात. तीन त्यांनी ठेवल्या, दोन शेजारी दिल्या, दोन माझ्या हातावर ठेवल्या.

"मला?"

"सगळा वंश एका कुंडीत ठेवला, चूक माझी. खाऊ नको म्हणजे झालं."

गेल्या हिवाळ्यात अक्कांच्या वेलावर मावा पडला आणि तो वाळून गेला. शेजाऱ्यांचाही गेला, माझ्या कुंडीतला तेवढा तगला. एका संध्याकाळी त्या रिकामी वाटी घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या.

"स्वल्प बी देतोस का रे?"

मी आत गेलो. बियांचा डबा आणला आणि अख्खाच त्यांच्या वाटीत उपडा केला.

"अरे, तुझ्याकडं नको काय?" म्हणत अक्कांनी अर्धं बी परत माझ्या ओंजळीत ओतलं.