आठवी आसरा

मी मास्तरीण झाले तेव्हा मला सगळं येत होतं. आता नातवंडं म्हणतात, आजीला काही कळत नाही. मधल्या काळात ते कुठं सांडलं कुणास ठाऊक.

निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनला दहा-बारा वर्षं झाली असतील. पिशोरच्या अलीकडच्या एका खेड्यात माझी नेमणूक झाली. हेडमास्तर उर्दूत शिकलेले, फळ्यावर लिहायला लागताना त्यांचा हात अजून आधी उजव्या टोकालाच जायचा. मी औरंगाबादेत ट्रेनिंग केलेली, म्हणून त्यांच्याकडं दयेनं बघायची. माझ्याजवळ लाल शाईचं पेन होतं आणि त्याचा मला लई माज होता.

चौथीच्या मुलांना मी सांगितलं, जुन्या दंतकथा पुरे झाल्या, आता आपापली रचा. डोंगर घ्या, ओढा घ्या, पण ऐकणाऱ्याला खरी वाटली पाहिजे. पोरांनी राक्षस आणि पुरलेलं धन लिहून आणलं. एक मुलगी वर्गात कधी बोलत नसे. तिनं विहीर लिहिली.

गावच्या विहिरीच्या काठी शेंदूर लावलेले सात दगड होते. त्या साती आसरा, पाण्यातल्या बाया. नवी नवरी आली की आधी त्यांची ओटी भरायची. मुलीनं लिहिलं होतं की एक बाई पहाटे पाण्याला गेली, पाय घसरून आत पडली आणि तिथं आठवी आसरा झाली. शेवटी दोनच वाक्यं होती. ‘ती हाका मारत होती. दोर घरात खुंटीला होता, कुणी नेला नाही.’

शेवट गोड असावा, असं मी ट्रेनिंगमध्ये शिकले होते. मी ती दोन वाक्यं खोडली आणि वर लाल शाईनं लिहिलं, ‘साती जणींनी तिला हात दिला, सोन्याच्या बांगड्या भरल्या आणि आपल्यात बसवून घेतलं.’ स्वतःवरच इतकी खूश झाले की शाळेच्या संमेलनात सगळ्या गावापुढं ती गोष्ट मीच वाचली. बाया पदर तोंडाला लावून बसल्या. पुरुष पायाखालची माती बघत होते. मला वाटलं, काय वाचलं मी! टाळ्या का पडल्या नाहीत, याचं उत्तरही माझ्याकडं तयार होतं: खेडवळ माणसं, भारावून गेली.

दुसऱ्या दिवशी मुलीचा बाप तिला घेऊन शाळेत आला. मोठा शेतकरी, गावात शब्दाला वजन. घरात दुसरी बायको. पहिली, म्हणजे या मुलीची आई, कशी गेली, हे मी सोडून गावात सगळ्यांना माहीत होतं. त्यानं वही मागितली. माझी खोडण्याची रेघ सरळ होती, खालचं सगळं वाचता येत होतं. त्यानं सावकाश वाचलं.

“हे कुणी खोडलं?”

“मी.”

“बरं केलं, बाई.”

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मुलगी दाराशी उभी होती. हेडमास्तर हजेरीपट उगाच चाळत होते. मी काय बोलते यावर तिची शाळा अवलंबून होती, एवढं मला कळत होतं. तिला वाचवतेय असं समजून मी हसून म्हणाले, “अहो, पोरांनी मनानं रचलेलं असतं ते. खरं काही नसतं त्यात.”

मुलीनं माझ्याकडं बघितलं. “बाई, दोर खुंटीलाच होता,” म्हणाली.

बापानं वही खिशात घातली आणि तिचं मनगट धरलं. ती परत शाळेत आली नाही. पुढल्या उन्हाळ्यात तिचं लग्न करून दिलं, असं ऐकलं. हेडमास्तरांनी तिच्या नावापुढं बारीक रेघ मारली. ती मात्र डावीकडून उजवीकडं.

परवा नातवाच्या गाडीतून त्या बाजूला गेले होते. विहिरीवर आता जाळी आहे, पाणी नाही. काठी दगड मोजले, आठ निघाले. एक बाई शेंदूर लावत होती. मी विचारलं तर तिनं आठवीची गोष्ट सांगितली. सोन्याच्या बांगड्या, साती जणींनी दिलेला हात. माझंच वाक्य, शब्दाला शब्द. एवढी दाद मला जन्मात कुठं मिळाली नाही.

“आन् दोर?” मी विचारलं.

“कोणता दोर, आजी?”

घरात होता, खुंटीला, मी म्हणाले. ती नातवाकडं बघून हळूच म्हणाली, “म्हातारीला ऊन लागलंय, सावलीत घ्या.”