पहिला घास आणि सोमलाचा डबा

पक्षी पडला की आधी त्याच्या चोचीत कापूस कोंबायचा. रक्त पिसांवर आलंच, तर तिथल्या तिथे ओल्या फडक्याने टिपायचं, पिसाच्या कलाने, उलटं नाही. डोकं पंखाखाली वळवून जुन्या सुती कापडात गुंडाळायचं आणि सावलीत ठेवायचं. एवढं साधं काम, पण ते शिकाऱ्याला कधी म्हणून जमत नाही. तो पाय धरून पक्षी उलटा लोंबकळत आणतो आणि वर विचारतो, भुसा भरून जिवंतासारखा करशील ना? कपाळ माझं.

मी हे काम मुंबईत एका संग्रहालयाच्या मागच्या खोलीत शिकलो आणि त्याच्या जोरावर सौदीला गेलो. तबूकला माझा कफील होता, म्हणजे ज्याच्या नावावर माझा व्हिसा तो मालक, साठीचा, पांढऱ्या दाढीचा. घरातले नोकर त्याला बाबा म्हणत, म्हणून मीही म्हणायचो. त्याला शिकारीचा आणि गळाने मासे धरायचा भारी नाद. दिवाणखान्यात भिंतभर हुबारे, म्हणजे आपल्या माळढोकाच्या जातीचे पक्षी, आणि मधे तांबड्या समुद्रातले मासे, सगळे माझ्या हातचे. शिकारीला तो मला बरोबर न्यायचा. तिकडच्या उन्हात कातडं लगेच सोललं नाही तर पिसं मुठीत येतात. ससाण्याने हुबारा पाडला की ड्रायव्हर धावत जाऊन त्याच्या गळ्यावर सुरी फिरवायचा, कारण हलाल झाल्याशिवाय ते खाणार नाहीत. माझ्या लेखी गळ्यावरची चीर म्हणजे सत्यानाश. मग आमच्यात तह झाला होता की चीर आडवी पण अगदी खाली, छातीच्या पिसांत झाकेल अशी द्यायची. तो ड्रायव्हर हैदराबादचा, माझ्याच खोलीत राहायचा. मी सोलायचं, कातडं माझं, मांस पातेल्यात. अशी आमची वाटणी.

शेजारच्या कुवेतवर कब्जा झाला आणि युद्धाच्या भीतीने सगळ्यांची नजर बदलली. तबूकवरून दिवसभर विमानं घोंघावायची. दुकानात चिकटपट्टी मिळेना, सगळ्यांनी खिडक्यांना लावून संपवलेली. कोणी म्हणे पाण्यात विष कालवलंय, कोणी म्हणे शेजारच्या बंगल्यातला माळी हेर आहे. बाबाचा जुना येमेनी स्वयंपाकी एका सकाळी दिसेनासा झाला. विचारलं तर ड्रायव्हर म्हणाला, "मेरेकू क्या मालूम." त्याला सगळं मालूम असायचं. तेव्हापासून माझ्या मनात पाल चुकचुकायला लागली की हा इकडचं तिकडे करतो.

आणि नेमकं त्याच दिवसांत बाबाचं माझ्यावर प्रेम उतू जायला लागलं. रानात जेवायला बसलो की कब्शाच्या, म्हणजे मांस घालून शिजवलेल्या भाताच्या, मोठ्या परातीतून तो मांसाचा पहिला तुकडा स्वतःच्या हाताने तोडायचा आणि माझ्यापुढे धरायचा. आधी तू. मग तो, मग बाकीचे. मी तर फुशारून गेलो. घरी बायकोला पत्र लिहिलं की शेठ मला पोरासारखा मानतो, पहिला घास मला देतो. तिने ते पत्र अख्ख्या वाडीला वाचून दाखवलं म्हणे.

बायको गरोदर होती. आधीचं एक पोटातच गेलं होतं, त्यामुळे यावेळी माझा जीव टांगणीला. दिवस भरत आलेले, फोन लागत नाही, पत्रं अडकलेली. सुट्टी मागितली तर बाबा म्हणाला, शिकारीचा मोसम संपू दे. पासपोर्ट त्याच्या कपाटात, त्याने शिक्क्यासाठी पाठवल्याशिवाय मी देशाबाहेर पाऊल टाकू शकत नव्हतो. मग माणूस जे करतो ते मी केलं. गावदेवीला नवस बोललो की बाळंतपण सुखरूप झाल्याचं कळेपर्यंत मासमच्छी तोंडात घालणार नाही. कोकणातला माणूस मासे सोडतो म्हणजे काय, ते कोकणातल्यालाच कळेल.

नवसानंतरची ती पहिलीच खेप. आम्ही तबूकहून समुद्राकडे उतरलो होतो. सकाळीच वाटेत ससाण्याने एक सुरेख हुबारा पाडला आणि किनाऱ्यावर बाबाच्या गळाला आमच्या हेकरूच्या जातीचा भलाथोरला मासा लागला. माशाचं काम पक्ष्यापेक्षा घाईचं. पाण्याबाहेर आला की रंग पळायला लागतो, म्हणून मी आधी त्याचे ठिपके कागदावर रंगीत खडूने उतरवून घेतले. मग कल्ल्यांखालचं रक्त धुतलं, त्याचे पर कापडाच्या ओल्या पट्टीवर पसरून टाचण्या लावल्या, आणि जी बाजू भिंतीवर दिसायची तिला हात न लावता दुसऱ्या बाजूने चिरला. नेहमी रानात मी मीठ आणि टाकणखारावर भागवतो. पण यावेळी मुक्काम होता आणि त्या भागात कातडं खाणारे किडे फार, म्हणून सोमलाचा साबणही घेतला होता. सोमल म्हणजे जहर. चुकून कोणी हात लावू नये म्हणून त्याच्या डब्यावर मीच काळ्या रंगात कवटी काढून ठेवली होती. मोठ्या हौसेने काढली होती, दात वगैरे दाखवून.

दुपारी परात आली. वर हुबाऱ्याचं मांस, बाजूला त्या सोललेल्या माशाचं भाजलेलं मांस. त्या वासाने जीव कासावीस झाला. बाबाने तुकडा तोडला आणि माझ्यापुढे धरला.

मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "आज नको, बाबा."

त्याचा हात तसाच राहिला. त्याने परातीकडे पाहिलं, मग माझ्या सामानाकडे. तिथे तो डबा, कवटी वर करून. बरोबर आलेल्या त्याच्या दोन भावांनी भाताकडे नेलेले हात मागे घेतले.

ड्रायव्हर माझ्या शेजारी होता. तो दातांतल्या दातांत बोलला, "खा ले रे. वो तेरेकू इज्जत नै दे रै, चखा रै तेरेकू. इत्ते दिनां से."

माझ्या कानांतून जाळ निघाला. इतके दिवस मी मिशीला पीळ देऊन खात होतो आणि हे लोक बसून बघत होते की हा मरतो की जगतो. पोरासारखा म्हणे. घरातल्या मांजराला दूध पाजून बघतात तसा. माझी बायको वाडीभर पत्र वाचत फिरली होती. त्या क्षणी मला बाबाचा असा संताप आला की तो तुकडा त्याच्या पांढऱ्या कपड्यांवर फेकावासा वाटला. पण पोलीस, पासपोर्ट आणि घरी अवघडलेली बायको, हे तिन्ही एकदम डोळ्यांपुढे आले आणि मी हात आवरला.

माझ्या मोडक्यातोडक्या अरबीत मी सांगायला लागलो. बायको, पोट, मूल, खाणार नाही. काही जुळेना. शेवटी ड्रायव्हरनेच ते माझ्या वतीने सांगितलं. नवस त्यांच्यातही असतो, त्याला शब्दही आहे.

बाबाने विचारलं, "कोणाला बोलला नवस?"

आता आली का पंचाईत. गावदेवी, तीही शेंदूर फासलेली, तिथे बसून कशी सांगणार? मी ड्रायव्हरकडे पाहिलं. चहाड्या करतो म्हणून ज्याच्यावर मी दात धरून होतो, तो शांतपणे अरबीत म्हणाला, "देवाला, बाबा. आणखी कोणाला बोलणार?"

बाबा मग बराच वेळ माझे हात बघत होता. चेहरा नाही, हात. आणि काय मनात आलं कोणास ठाऊक, हातातला तुकडा त्याने स्वतःच्याच तोंडात घातला.

मला बरं वाटायला हवं होतं. पण तो चावायला लागला आणि मला सकाळ आठवली. सोलल्यावर मी कातड्याला तो सोमलाचा साबण चोळला होता. त्यानंतर मांस पातेल्याकडे दिलं की आधी दिलं? हात धुतले होते का? धुतलेच असणार, मी नेहमी धुतो. पण पाण्याचा कॅन ड्रायव्हर गाडीकडे घेऊन गेला होता आणि मी वाळूनेच हात घासले असं का आठवतंय? इतके दिवस हे लोक माझ्यावर संशय घेत होते, आता मीच घ्यायला लागलो. म्हातारा चावतोय, गिळतोय, दुसरा तुकडा तोडतोय. उद्या याचं पोट नुसतं बिघडलं तरी मी गेलो. आणि खरंच माझ्या हातून काही झालं असेल तर याने माझ्या शब्दावर विश्वास ठेवून खाल्लंय.

मी परातीत हात घातला आणि मांसाचा मोठा तुकडा उचलून खाल्ला. मग दुसरा. जे व्हायचं ते दोघांचं होऊ दे.

बाबा चावायचा थांबला. "आणि तुझा नवस?" त्याने विचारलं.

काय सांगणार? माझाच माझ्या हातांवर भरवसा नाही म्हणून खाल्लं, असं सांगू? मी मान खाली घातली. त्याला वाटायचं ते वाटलं. त्याच्या लेखी बायको खोटी, पोट खोटं, नवस खोटा. परात भरलेली तशीच उचलली गेली. मला काही झालं नाही, म्हणजे त्यालाही झालं नसणार.

त्या माशाचं कातडं भरायचं काम मी पुरं केलं नाही. थोड्याच दिवसांत ड्रायव्हरने माझा पासपोर्ट आणून हातात ठेवला, कायमचं परत जाण्याचा शिक्का मारलेला. "बाबा बोले, खलास," तो म्हणाला, आणि मला विमानासाठी जेद्दापर्यंत सोडायला आला. ज्या सुट्टीसाठी मी पाया पडलो होतो ती मला अशी मिळाली. ड्रायव्हरचे आभार मानायचे राहून गेले, ते अजून खुपतं.

घरी पोचलो तेव्हा बायको अजून बाळंत व्हायची होती. नवस मोडल्याचं मी तिला सांगितलं नाही. मुलगी होऊन तिचं रडणं कानावर पडेपर्यंत मी कसा जगलो ते माझं मला माहीत.

तिच्या उष्टावणाला माझा मेहुणा तिला मांडीवर घेऊन बसला, चांदीच्या वाटीत खीर, त्यात सोन्याची अंगठी बुडवलेली. त्याने अंगठी तिच्या ओठांशी नेली आणि मी म्हणालो, "थांब." वाटी त्याच्या हातातून घेतली, बोट बुडवलं आणि आधी मी चाटलं. सगळे हसले. बापालाच भूक लागलीय, कोणीतरी म्हणालं. मी जिभेवर खीर घोळवत उभा राहिलो, गिळली, आणखी थोडा थांबलो. मग वाटी परत दिली आणि म्हटलं, "आता दे तिला."