सुईणीच्या निधनाची बातमी

आमच्या तालुक्यात आजवर एकही वाईट माणूस मेलेला नाही. हे मी छापील आधारावर सांगतोय. केजच्या एका बंद पडलेल्या साप्ताहिकाचे जुने अंक महिनाभर उपसले आणि निधनाच्या बातम्या वाचून डोळ्यांची वाट लावून घेतली. सगळेच मनमिळाऊ, सगळेच धार्मिक वृत्तीचे, सगळ्यांच्याच जाण्यानं पंचक्रोशीत हळहळ. मग दुसऱ्याचे बांध कोरणारे गेले कुठं? अजून जिवंत असतील, दुसरं काय!

हा उद्योग मी कशापायी केला, तर आक्कामुळं. आक्का म्हणजे आमच्या गावच्या जुन्या सुईणीची लेक, आता सत्तरीची. गावात आरोग्य उपकेंद्राची नवी इमारत झाली आणि तिला कुणाचं नाव द्यायचं, हे निघालं. आक्का ग्रामसभेत उठली. "माझ्या आईचं द्या. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलंय."

सरपंच म्हणाले, "आमचं काय न्हाई, आक्का. पण छापील पुरावा आणा."

दुसरं नाव पुढं करणाऱ्यांकडं पुरावा तयार होता. एका पुढाऱ्याच्या वडिलांच्या निधनाची अर्धं पान बातमी. त्या बाबानं जन्मात कुण्या आजाऱ्याला बैलगाडी दिली नव्हती, पण बातमीत ते 'रुग्णांचे कैवारी' होते.

आक्का माझ्या ओसरीवर येऊन बसली. "मास्तर, तुमी त्या पेपरात लिहायचा ना? आई गेली तवा बातमी आलती. पुढच्या ग्रामसभेच्या आत तेवढी हुडका."

लिहायचो तर! शाळेत लागायच्या आधी मी त्या साप्ताहिकाचा वार्ताहर होतो. काम फुकटचं, रुबाब तहसीलदाराचा. संपादकांना माझी एकच अट होती: बातमी कापा, फाडा, काहीही करा, पण खाली माझं नाव आलं पाहिजे.

संपादक जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या सूनबाईंनी निम्मे अंक माळ्यावर टाकलेले, निम्मे फडताळात अंथरलेले. माळा संपला तसा मी एकेक डबा उचलून इतिहास बाहेर काढायला लागलो. श्रद्धांजलीच्या जाहिरातींत तर मेलेला कोण, तेच लवकर कळेना. वर पुढाऱ्यांचे हसरे फोटो, खाली मित्रमंडळाचे, आणि ज्याच्यासाठी हे सगळं, तो बिचारा हार घालून कोपऱ्यात.

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी बातमी सापडली, तुरीच्या डाळीच्या डब्याखाली. चांगली वीतभर होती. उभ्यानं वाचली आणि तिथंच खाली बसलो.

पहिल्याच ओळीत आक्काच्या थोरल्या भावाचं नाव, मागं 'प्रतिष्ठित शेतकरी' लावून. त्यांच्या मातोश्रींचं अल्पशा आजारानं निधन. मग अंत्यविधीला आलेले अकरा मान्यवर, नावानिशी आणि हुद्द्यासकट. मातोश्रींचं नाव? न्हाई. सुईण हा शब्दसुद्धा न्हाई. तो मीच खोडला होता. प्रतिष्ठित माणसाची आई सुईण, हे मला तेव्हा बरं दिसलं नव्हतं. आणि सगळ्याच्या खाली, ठळक अक्षरात, माझं नाव.

लाज वाटली. लई वाटली. अंक परत डब्याखाली सारावा आणि सापडला न्हाई म्हणून सांगावं, हेही मनात येऊन गेलं. पण घडी घालून खिशात ठेवला आणि दुपारी आक्काच्या हातात दिला.

आक्का चौथी शिकलेली. शब्दाशब्दावर बोट ठेवत तिनं दोनदा वाचलं. आईचं नाव येत न्हाई, हे पहिल्याच वेळेला तिच्या ध्यानात आलं असणार. मग बोट अकरा मान्यवरांवरून फिरायला लागलं.

"ह्यो आईच्या हातचा. ह्यो बी. ह्यो तर पायाळू, ह्याच्यापायी आई दोन दिवस घरला आली न्हवती."

बोट खाली खाली सरकत माझ्या नावावर येऊन थांबलं.

"आन ह्यो बी. जन्मला तवा रडंचना. आईनं उलटा धरून धपाटे घातले, तवा तोंड उघडलं." तिनं अंक घडी करून माझ्या हातात परत दिला. "उद्या ग्रामसभेत परत तोंड उघड म्हणावं त्याला."